टाळी वाजली की माणूस बदलायचा

अरे ऐका ना, आधी पूर्ण ऐका, मग हसा. आमची मावशी शर्टांच्या कारखान्यात शिलाईला आहे. तिथे कामगारांचा एक प्रतिनिधी असतो. जेवणाची सुट्टी, बंद पडलेले पंखे, संडासाची किल्ली, सगळं तोच मॅनेजरशी बोलणार. आणि त्याची निवड कशी? मॅनेजर समोर उभा राहून एक नाव घेणार आणि विचारणार, "कोणाची हरकत?" आता तो टक लावून बघत असताना कोण हात वर करेल? गेल्या वर्षी मावशीने केला. दुसऱ्याच दिवशी तिचं मशीन काढून घेतलं आणि तिला इस्त्रीवर टाकलं. आठ महिने वाफेत उभी!

या वर्षी मावशीला एकच गोष्ट हवी होती. चिठ्ठीवर ज्याला जे हवं ते नाव लिहायचं, घडी घालायची, डब्यात टाकायची. कोणी कोणाला मत दिलं ते कोणालाच कळायला नको. पण मागायचं कसं? मॅनेजर समोर आला की हिच्या तोंडून शब्द फुटत नाही, आणि परत इस्त्रीवर गेली तर गुडघे कामातून जाणार.

मी म्हटलं, मग आमचा नाटकाचा ग्रुप कशाला आहे? रविवारी दुपारी कारखान्यातल्या अकरा बायका आमच्या तालमीच्या खोलीत. मी मॅनेजर, बाबांचा कोट घालून. नियम एकच: बोलणारी अडकली की बघणाऱ्यांपैकी कोणीही टाळी वाजवायची, तिच्या जागी उभं राहायचं आणि तिथूनच पुढे बोलायचं. मी पण काय सुटले माहितीये! "ओ बाई, हात चालवा, डोकं नको!" असं ओरडले तर मावशी म्हणते, "कार्टे, घरी चल, दाखवते तुला!"

"मावशी, मॅनेजरला असं म्हणणार का?"

"मी काय त्याची मावशी आहे?"

असे चार रविवार तालमी केल्या. मग खरा दिवस. मी तिथे नव्हते, पण मावशीने मला तीनदा सांगितलंय, आणि तिन्ही वेळा उभं राहून.

मॅनेजरने नाव घेतलं. "कोणाची हरकत?" मावशी उठली. "साहेब, आम्हाला चिठ्ठीवर मत द्यायचंय." तालमीत मी इथे ओरडायचे. हा बाबा ओरडलाच नाही! गोड हसला. "अहो, आपण सगळे एका घरातले. घरात कोणी मतदान करतं का?" मावशी गार. याची तालीमच झाली नव्हती ना! चूक माझीच. मला वाटलेलं, मॅनेजर म्हणजे ओरडणारच.

आणि मागून टाळी!

बटणं लावणारी एक बाई आहे, एरवी मान वर न करणारी. सवयीने वाजवून बसली. आता वाजवली म्हणजे जायला हवं. आली पुढे, मावशीला बाजूला सरकवलं आणि म्हणाली, "साहेब, घरातलेच आहोत ना? मग एवढ्याशा चिठ्ठीला काय घाबरायचं?"

"टाळ्या कसल्या वाजवताय? काय चाललंय काय?" मॅनेजर म्हणाला. ती अडकली. परत टाळी! काज करणारी उठली. "वेळ जाईल म्हणत असाल, तर आम्ही जेवणाच्या सुट्टीत करतो." मग अजून एक टाळी, आणि ही कोणाची? कापड कापणाऱ्या म्हाताऱ्या मास्तरची, जो एकाही तालमीला आला नव्हता! तो पुढे येऊन शांतपणे म्हणाला, "कागद मी कापून देतो, साहेब. दहा मिनिटांचं काम."

आता एकटी मावशी असती तर पाठवली असती इस्त्रीवर. पण कोणाकोणाला पाठवणार? इस्त्रीची टेबलं तीनच! मॅनेजरने घड्याळ बघितलं आणि म्हणाला, "करा काय करायचं ते."

केलं. बटणांच्या रिकाम्या डब्यात साठ चिठ्ठ्या. मॅनेजरचा माणूस तिसरा आला. आणि मावशी? पडली! सहा मतांनी. बटणवाली निवडून आली.

मी विचारलं, "वाईट वाटलं का गं?"

"वाटणार नाही? वाफेत मी शिजले आणि मतं तिला!" मग म्हणाली, "बोलली मात्र झकास."

"म्हणजे तूही तिलाच मत दिलंस?"

तर माझ्याकडे असं बघितलं, जशी मीच मॅनेजर. "ते विचारायचं नसतं," म्हणाली.