करडईच्या फुलाची ताटली

मित्रांनो, कुंडीतलं पाणी गच्चीवर पसरू नये म्हणून खाली ठेवलेली ही ताटली जरा निरखून पाहा. ती मीच. गाळाखाली काटेरी पानं आणि करडईचं केशरी फूल अजून थोडं दिसेल.

मी पांढऱ्या मातीची. इथे सोलापुरात वैजयंतीबाई वनस्पतिशास्त्र शिकवत. निवृत्तीनंतर त्या कोऱ्या ताटल्या आणून त्यांवर माळरानातली झाडं-फुलं रंगवू लागल्या. शेतातली करडई समोर ठेवून, तिचे काटे बोटांत रुतवून घेत त्यांनी मला रंगवलं आणि भट्टीत भाजून रंग पक्का केला.

त्यांच्या ओळखीच्या सावित्रम्मांनी मला पाहताक्षणी विकत घेतलं. मग दर दिवाळीला एकेक ताटली आली. तरवड, रुई, बोर, पळस. आम्हा पाचजणींना त्यांनी तळहातावरच्या फोडासारखं जपलं. आम्हाला घासणी लावायची नाही, त्या स्वतः कोमट पाण्यात धुवायच्या आणि दोघींच्या मध्ये जुन्या इरकली लुगड्याचा तुकडा घालायच्या. आई आम्हा मुलांना इतकं कधी जपत नाही, असं त्यांचा मुलगा नंदीश चिडवायचा.

श्रावणात जंगमस्वामी, म्हणजे लिंगायतांचे गुरू, जेवायला आले, तेव्हा त्यांना माझ्यात वाढलं. मी केवढी फुशारले होते!

आठवड्याने नंदीशने मोबाइलवर वाचलं, की असल्या भांड्यांत जनावरांच्या हाडांची राख असते. काहींत असते, खरं आहे. माझ्यात नाही. पण ताटलीला तोंड कुठलं? लिंगपूजा झाल्याशिवाय पाणीही न पिणाऱ्या सावित्रम्मांनी आम्हा पाचजणींना बाजूला काढलं. स्वामींना हाडावर वाढलं, एवढंच पुटपुटत राहिल्या.

निरोप मिळताच वैजयंतीबाई धावत आल्या. यात हाडाचा कणही नाही अक्का, निव्वळ माती आहे, मी कारखान्यात विचारूनच आणली, असं त्यांनी शपथेवर सांगितलं. मला वाटलं, सुटले. सावित्रम्मांनी मला एकदा उचललं आणि परत खाली ठेवलं.

"तुमी खोटं बोलणार न्हाई, बाई," त्या म्हणाल्या. "पन एकदा मनात आलं, ते आलं. आता घास उतरत न्हाई."

फेकून देववेना, म्हणून आमची रवानगी इथे गच्चीवर झाली. बोअरच्या पाण्याचे क्षार चढले, सोनेरी काठ उडाला. पळसाची ताटली गेल्या उन्हाळ्यात तडकली. सावित्रम्मा झाडांना पाणी घालायला येतात, कधी पदराने माझी कड पुसतात आणि लगेच हात धुतात. त्या हात धुण्याचं मला फार वाईट वाटतं.

मित्रांनो, ऐकीव गोष्टीवरून कुणाला पंगतीतून उठवण्याआधी, ज्याने त्याला घडवलं त्याला विचारा. नंतर विचारून काही होत नाही. मला आता कुणी जेवायला घेणार नाही, हे मी जाणून आहे. फक्त कुंडी उचललीत, तर परत ठेवताना हळू ठेवा.