गुलाल, शिट्टी आन् चिप

पळायला शिकवणारे संगप्पा सर कुणाच्याच बुटाची लेस बांधत न्हाईत. पोरगं पडलं तरी म्हणतेत, "उठ बे, माय यायची न्हाई उचलायला." तेच सर त्या दिवशी सकाळी रस्त्यावर उकिडवे बसून माझ्या आक्काच्या बुटाची लेस बांधूलालते. तवाच माझं डोस्कं सटकलं. पण कशापायी सटकलं ते कळंना.

आक्का म्हणजे गीतांजली, माझी थोरली बहीण. शाळा मी सोडली, तिनं न्हाई. पळायचं बी न्हाई सोडलं. चाकूरच्या भाईर, नांदेड रस्त्यावर शर्यत व्हती. ठरलेल्या टायमात येणाऱ्या पोरीला पुण्याच्या स्पोर्ट होस्टेलात घेणार व्हते. न्हाई आली तर दिवाळीनंतर जळकोटचा पोरगा बघायला येणार, आन् माय त्या लोकायला हाव म्हणून बसलेली.

आन् आक्काला ताप व्हता. मी हात धरला तर तव्यावानी लागला.

"आक्का, न्हाई पळायचं."

"गप ऱ्हा वैज्या. मायला बोललास तर बघ."

"मरशील की!"

"मेले तर माझी सायकल तुला. बस? आता तर खूश?"

हसली. पण ओठ पार वाळलेले. चपला माझ्या हातात देल्या आन् गर्दीत घुसली.

मी शेवटच्या रेघंवर उभा ऱ्हायलो. रेघ म्हणजे काळी रबराची चटई. पळणाऱ्याच्या बुटाला पांढऱ्या पट्टीची चिप, लेसमधी ओवलेली. पाय चटईवर पडला की टीं वाजतंय, आन् मोठ्या पडद्यावर नाव येतंय. मशीन शहेबाजभाईचं, लातूरचा माणूस, चष्मा लावून लॅपटॉपला चिकटलेला.

माझ्याजवळ भुजंगमामा. एका काळी जत्रंच्या शर्यती मारायचा, आता गुडघे गेले.

"आमच्या टायमाला फक्कीची रेघ आन् शिट्टी," मामा म्हणला. "वळणावर एक माणूस उभा. कपाळाला गुलाल लावायचा. गुलाल न्हाई म्हणजे तू वळणापस्तोर गेलाच न्हाईस."

"भारी की."

"कशाचं भारी. लोकं खिशात गुलाल घेऊन पळाय लागले! बाभळीमागं बसायचं, कपाळाला फासायचं, मोकळं. मग शिक्का आणला. तर एकाचा वला शिक्का दुसरा मनगटावर उतरवून घ्यायचा. मग घड्याळ आलं, कॅमेरा आला, आता ही चटई. म्हणे आता चोरी व्हत न्हाई." मामा बाजूला थुंकला. "वाट नंतर निघती वैज्या. पळवाट आधी."

ऊन चढलं. ऑक्टोबरचं ऊन, हवेत सोयाबीनचं भुसकट. पोलिसानं लावलेल्या अडथळ्यामागं लातूरच्या मिलला जाणाऱ्या ट्रकांची लाईन लागली. ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसलेले.

आमच्याच सरांच्या हाताखाली पळणारा अंगद आला. हा दरवेळी सगळ्यात म्होरं असतो, आज मात्र सावकाश, घाम बी न्हाई. चटईवर पाय पडला. टीं. आन् लगेच दुसऱ्यांदा टीं.

पडद्यावर अंगद. त्याच्याखाली गीतांजली.

माझा मोबाईल वाजला. आक्काच्या नावापुढं नंबर माझाच देलता. मेसेज आलता: अभिनंदन गीतांजली, आपण शर्यत पूर्ण केली.

"आली की रे पोरगी!" मामानं माझ्या पाठीत धपका घातला. "टायमात आली!"

मी अंगदच्या मागं बघितलं. रस्ता रिकामा. डांबरावर नुस्ती झळ हलूलालती. मग मी त्याच्या पायाकडं बघितलं. सगळ्यायच्या एका बुटाला पट्टी. ह्याच्या दोन्ही बुटाला.

मग मला सरांचे हात आठवले. लेस बांधत नव्हते सर. सोडत व्हते.

लोकं येत गेले. लंगडत एक म्हातारा आला, टीं. पडदा हिरवा झाला. म्हणजे मशीनच्या हिशोबानं सगळे पोचले. शहेबाजभाईनं हात वर केला, "साहेब, खोलो रोड!" शर्यतीसाठी आलेल्या ॲम्ब्युलन्सवाल्यानं बी गाडी माघारी फिरवली.

"थांबा! माझी बहीण ऱ्हायलीय मागं!"

"नाम?"

"गीतांजली."

त्यानं पडद्यावर बोट ठेवलं. "ये क्या. आली ना."

"मी इथंच उभा हाय, डोळे फुटले न्हाईत माझे! न्हाई आली!"

"बाबू, मशीन झूट नै बोलती. बाथरूमकू गई होगी."

सरांनी माझं बखोट धरून बाजूला ओढलं. "आवाज कमी कर. तिच्याच भल्याचं हाय. ती चालत चालत येईल, गर्दीत गुपचूप घेऊ तिला."

"ताप हाय तिला, सर."

सरांचा हात ढिला पडला. "मला न्हाई बोलली ती."

तिकडं अडथळा करकरत सरकला. पैला ट्रक हलला.

मग मला सुचलं ते मी केलं. अंगदला खाली पाडलं, छातीवर बसलो आन् बूट उपसला. "अबे सोड, येड्या!" तो वरडला. मी बूट घेऊन पळालो आन् चटईवर हाणला. टीं. पडद्यावर गीतांजली. अजून हाणला. टीं. गीतांजली.

"ही बघा आली! हिच्या गळ्यात घाला हार! हिला न्या पुण्याला!"

 शहेबाजभाईनं चष्मा काढला. माझ्या हातातल्या बुटाकडं बघितलं, मग पडद्याकडं, आन् पोलिसाकडं धावत सुटला. पण ट्रका निघालेल्या व्हत्या, एकामागं एक, इतका येळ अडवल्याचा राग काढत.

मामानं गाडीला किक मारली. मी मागं बसलो, आक्काच्या चपला पोटाशी धरून. धुरळा इतका की मामा डोळे बारीक करून चालवूलाला. मी दोन्हीकडच्या नाल्या बघत गेलो. पाण्याच्या बाटल्या. कुणाचा तरी छातीवरचा फाटका नंबर. तिचा नव्हता.

आमच्याकडं रस्त्यावर गाडी बिघडली की ड्रायव्हर मागं दगडं मांडतो, बाभळीच्या फांद्या टाकतो. मागून येणारानं समजायचं आन् बाजूनं जायचं.

एका उतारावर मला दगडं दिसले. फांद्या दिसल्या. गाडी नव्हती.

"मामा," मी म्हणलो. बोटानं तिकडं दावलं.

फांद्यांच्या मधी एक म्हातारी बसलेली, रहमतबी, सीताफळं विकणारी. टोपली पालथी, सीताफळं डांबरावर फुटलेली. तिच्या मांडीवर आक्काचं डोस्कं. ती पदरानं पाणी टिपत व्हती.

"अकेली से उठी नै मेरे से, बेटा. हात करी तो कोई रुकताच नै. तो काटे डाल दी रोड पो. दम है. देख, दम है."

कडंच्या एका फांदीवरनं चाक गेलतं. पार चेंदा.

आक्काचं अंग भट्टीवानी, आन् घामाचा एक थेंब न्हाई. बुटाची लेस लई चांगली बांधलेली, दुहेरी गाठ मारून. मामा फोनवर वरडूलालता, "आरं ॲम्ब्युलन्स फिरवा! मागं फिरवा!" रेंज तुटत व्हती. मी आन् रहमतबीनं आक्काच्या काखंत हात घातले, तिला कडंला वढाय लागलो. अंग इतकं ढिलं की हातातनं निसटूलालतं.

तिचे डोळे थोडे उघडले. माझ्याकडं न्हाई, माझ्या पल्याड कुठंतरी बघूलालती.

"वैज्या... मी पोचले का रे?"

माझ्या खिशातल्या मोबाईलवर लिहिलेलं व्हतं, हाव.

 उतारावरनं हॉर्न ऐकू आला, लांबच्या लांब, थांबायचं नावच न्हाई. मी आक्काला सोडून उठलो, सगळ्यात मोठी फांदी उचलली आन् ती आडवी धरून रस्त्याच्या मधी उभा ऱ्हायलो.