पाणी तोडायचे दिवस

चप्पलही न काढता कुंदन आत आला आणि चार्जरला लावलेला हेमराजचा मोबाइल त्याने हिसकून काढला.

"मोटरले किती फोन लावले ते दाखव."

लूमला सुट्टी होती म्हणून हेमराज नवागामच्या त्या एका खोलीत बनियनवर आडवा पडला होता. धाकटा भाऊ पहाटेची गाडी धरून साक्रीहून सुरतेला येतो आणि साधं ‘कसा आहेस’ही विचारत नाही, म्हणजे कमालच झाली.

"मी कशाले लावू? माले काय येड लागलं?"

"मग मोटर काय आपोआप चालू व्हस? नंबर तुले न् माले सोडून कोणाले माहीत शे?"

कुंदनचा संताप खोटा नव्हता. गावी त्याची दोन एकर वाइनच्या द्राक्षांची बाग. मार्चमधल्या छाटणीनंतर चाळिसाव्या दिवसाच्या सुमारास वेलीचं पाणी तोडायचं असतं; वेल जरा तहानली की काडीवरच्या डोळ्यात, म्हणजे कोंबात, पुढचा घड बसतो. पाणी मिळत राहिलं की ती माजते, नुसता पाला काढते. त्यात ज्यावर कलम केलं तो खुंट डॉगरिज जातीचा, पाण्याला मुळातच हावरा. खाऱ्या जमिनीत हाच टिकतो असं सांगून हेमराजनेच तो घ्यायला लावला होता. यंदा घड नसले तर करार संपला, असं कंपनीच्या माणसाने बजावलेलं. आणि नेमकी आठवडाभर रोज मोटर सुरू होत होती. स्टार्टरमध्ये सिम होतं. त्या नंबरला फोन गेला की स्टार्टर तो उचलायचा आणि ठिबक चालू. मेकॅनिकने सांगितलं, बिघाड काही नाही, कोणीतरी फोन लावतंय. मोटर चालू झाली की कुंदनला मेसेज यावा, अशी सोयही त्याने कालच करून दिली होती.

"भाऊजी, पाणी तरी घ्या," हेमराजची बायको जयश्री म्हणाली.

"पाणी नको, वहिनी. पाणी खूप झालं." कुंदन भावाकडे वळला. "मी पण इथं येऊन तुनासारखा लूमवर उभा राहू, हेच पाहिजे ना तुले? दोन एकर हिरवं दिसलं की पोटात दुखस तुना!"

"तोंड सांभाळ, कुंदन."

"खुंट तूच गळ्यात मारला. आता पाणी पण तूच सोडस."

हेमराज उठला आणि त्याने भावाची कॉलर धरली. जयश्री मध्ये पडली नाही; तिलाही राग आला होता.

तेवढ्यात कुंदनच्या खिशात मेसेज वाजला. मोटर चालू. हेमराजचा मोबाइल तर कुंदनच्याच मुठीत होता. दोघे भाऊ मागे वळले.

मागच्या मोरीपाशी प्रमिलाबाई, त्यांची आई, बटणांचा छोटा फोन कानाला लावून बसली होती. कुंदनने तसाच हात लांब करून तो तिच्या हातातून घेतला. पडद्यावर ‘नाना’ असं नाव होतं.

नाना म्हणजे त्यांचे वडील. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. स्टार्टरला सिम हवं होतं, तेव्हा नवं कशाला घ्या म्हणून नानांचं चालू सिम कुंदननेच त्यात टाकलं होतं. आईला सांगायचं कोणाला सुचलंच नव्हतं.

"आखाजीले तुना बापना नावनी घागर भरी," ती म्हणाली. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन आठवडाच झाला होता. "मग सहज लावला, तर उचलला. तवापासून रोज लावस मी. उचलस, पन बोलस नही."

कुंदनची कॉलर अजून हेमराजच्या मुठीत होती. त्याने ती सोडली, पण ढकलूनच.

"सांग आता तिले," तो हळू म्हणाला. "माले शिव्या दिन्यात ना, तिले बी दे."

कुंदनने स्वतःच्या मोबाइलवरून मोटर बंद केली. आईचा फोन त्याने तिच्या हातात परत ठेवला.

"उद्या बी लाव, माय. जरा उशिरा लाव, दुपारनी."

दारात चप्पल सरळ करत तो भावाकडे न बघता म्हणाला, "तुना जुना मोबाइल पडेल शे ना? दे माले. स्टार्टरले नवं सिम टाकस मी, नानानं सिम ह्या मोबाइलमा."

हेमराजने फळीवरून धूळ बसलेला मोबाइल काढला, बनियनला पुसला आणि त्याच्याकडे जवळजवळ फेकलाच.

"फोन उचलशी तवा तोंड बंद ठेव," तो म्हणाला. "तुना आवाज वळखस ती."