चौथ्या मजल्याचा अर्ज

मी लाल पेन बोलतोय. आजवर बोलायची सोय नव्हती, नुसतं खोडायचं काम होतं.

जन्म कारखान्यातला, पण संस्कार सरांच्या खिशातले. सर इंग्रजीचे मास्तर. निवृत्त झाले आणि इमारतीचे सेक्रेटरी झाले. वर्ग सुटला, पण जित्याची खोड मेल्याशिवाय जाते थोडीच? अर्ज इंग्रजीतच हवा आणि बिनचूक हवा, हा त्यांचा पहिला नियम. दुसरा करायची वेळच आली नाही.

अशात लिफ्ट बंद पडली. चौथ्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या ताई राहतात. त्यांची आई गुडघ्यांनी अधू. ताईंनी मशीन थांबवून अर्ज लिहिला, की आम्ही कमिटीवर रागावलोय. सरांनी मला उपसलं.

"अँग्री ऑन? अहो, माणसांवर राग असेल तर विथ, गोष्टीचा असेल तर अबाउट!"

मी रेघ ओढली. अर्ज परत.

दुसऱ्या अर्जात 'टायर्ड फ्रॉम' निघालं. तिथं ऑफ हवं होतं. पुन्हा परत. खोटं कशाला बोलू, तेव्हा मलाही चांगलीच शिंगं फुटली होती. लोकांच्या रागाला वळण लावतोय असं वाटायचं.

तिसरा अर्ज ताईंनी भाचीकडून तपासून आणला. सरांनी तो दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला. मला टेकायला जागा मिळेना. म्हटलं, आता तरी मेकॅनिकला फोन लावतील. त्यांनी खाली 'व्हेरी गुड' लिहिलं आणि दहापैकी नऊ मार्क दिले.

"एक का कापला?" ताईंनी विचारलं.

"अक्षर."

"सर, आई सात आठवडे खाली उतरलेली नाही. काल विचारत होती, कोपऱ्यावरचं दुकान अजून आहे का म्हणून."

ताईंनी मला सरांच्या बोटांतून काढून घेतलं, अर्ज उलटा केला आणि मागे आपल्या भाषेत ठसठशीत लिहिलं, 'लिफ्ट दुरुस्त करा.' मग दारोदार फिरून सह्या घेतल्या.

शेवटची सही ताईंच्या आईची, म्हणजे आजींची. तोवर माझी शाई संपत आली होती. अर्धं नाव लाल उमटलं, अर्धं नुसतं कोरलं गेलं. मला फार लाज वाटली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुकांवर शाई उधळली, आणि नेमकी इथं पुरली नाही.

मेकॅनिक उद्या येणार म्हणतात. हा 'उद्या' मी आठवडाभर ऐकतोय, आजींच्या खिडकीत पडल्या पडल्या. मला फेकायचं असेल तर खुशाल फेका. मला खाली जायला लिफ्ट लागत नाही. त्यांना लागते.