ताणलेली टेप

मी एक जुनी कापडी टेप आहे, शिवणकामात माप घ्यायची. कारखान्यातून निघाले तेव्हा पिवळीधमक होते. एका शिवणकाम करणाऱ्या बाईने मला गळ्यात टाकले आणि तेच माझे घर झाले. तिने शिवलेला कपडा अंगावर चपखल बसे. माप देताना बायका पोट आत ओढून म्हणत, "कंबर जरा कमीच लिही गं!" आणि दुकानात हशा पिके.

मित्रांनो, तो हशाच तिच्या नवऱ्याच्या डोळ्यांत खुपू लागला. तो दुकानावर पाळत ठेवी, तिचा फोन तपासे. मग मारू लागला. "सोडून गेलीस तर जिवंत ठेवणार नाही," असेही म्हणू लागला. रागाच्या भरात माणूस बोलतो, असे ती मनाला समजावी. एका दुपारी त्याने दुकानाचे दार लावले, माझी दोन्ही टोके धरली आणि तिचा गळा आवळला. तिची शुद्ध हरपली. तेवढ्यात एका गिऱ्हाइकाने दार ठोठावले, म्हणून ती वाचली. नंतर तो ढसाढसा रडला.

दुसऱ्या दिवशी तिची नणंद दुकानात आली. ती रुग्णालयात नर्स होती.

"वहिनी, आवाज का बसलाय? गळा कोणी दाबला?"

"चुकून झालं गं. फार रडला तो."

"माझा सख्खा भाऊ आहे, म्हणूनच सांगते. आधी मार, मग धमकी, आता गळा. पुढच्या वेळी तो जीव घेईल. चल डॉक्टरकडे. वरून दिसत नसलं तरी आत इजा असते."

"त्याला सांगून तरी निघते."

"मुळीच नाही! बायको सोडून चाललीय हे कळलं, की असे पुरुष जास्त उलटतात."

दोघी तशाच निघाल्या. डॉक्टरांनी तपासले, पोलिसांनी तक्रार घेतली, तिला महिलांच्या निवाऱ्यात जागा मिळाली. त्याआधी, तपासणी चालू असतानाच, नवरा तिला शोधत रुग्णालयात आला तेव्हा नणंद दारात आडवी उभी राहिली. "आधी मला बाजूला करून दाखव," ती म्हणाली. पोलीस येईपर्यंत ती तसूभरही हलली नाही.

मी पुरावा म्हणून पाकिटात बंद झाले. ताणले गेल्यामुळे आता माझे माप चुकते. न्यायालयात मला बाहेर काढले, तेव्हा त्याचा वकील हसून म्हणाला, "नवरा-बायकोची कुरबुर!"

ती घोगऱ्या आवाजात कडाडली, "कुरबुर नाही, साहेब. हा मला मारून टाकत होता. मी मेले नाही, म्हणून तुम्हाला हसता येतंय!"

त्याला शिक्षा झाली. तिने दुसऱ्या गावात दुकान थाटले.

मित्रांनो, मला जपू नका, टाकून द्या हवे तर. पण कोणाचा गळा धरला गेला, कोणाला जिवे मारण्याची धमकी मिळाली, तर त्या बाईला "सांभाळून घे" म्हणू नका. तिलाच सांभाळा!