दादाच्या डोक्यातला जंग

आईनं दादाच्या गोळ्या एकवीस दिवस बंद ठेवल्या होत्या. मला ते कळलं, दादा खाणीच्या ट्रकसमोर दोन्ही हात पसरून उभा राहिला त्या दिवशी. ड्रायव्हरनं ब्रेक मारला म्हणून वाचला. इतका राग मला कधीच आला नव्हता.

लोकेशदादा वीस वर्षांचा. आरमोरीला आयटीआय करत होता. दिवाळीनंतर त्याची झोप उडाली, मग हॉस्टेलच्या पंख्यातून मुलं आपल्याबद्दल बोलतात असं म्हणायला लागला. बाबांनी त्याला गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं. मीही हट्टानं गेले. आई घरीच होती. बाबा आणि दादा मान खाली घालून बसले होते, प्रश्न मी विचारले. डॉक्टर मॅडमनी सांगितलं, पेशी ऑक्सिजन वापरतात तेव्हा थोडा घातक कचरा होतो, शरीर तो साफ करतं. काही तरुण मुलांत ही साफसफाई कमी पडते आणि मेंदूच्या पेशींना इजा होते. याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. मग हेही म्हणाल्या, की या आजारात त्याचा हात किती ते अजून शोधणं चालू आहे. जागरण नको, गांजा नको, आणि गोळी रोज, एक दिवसही न चुकता.

गोळीचा हा शेवटचा भाग माझ्या मॉडेलमध्ये बसत नव्हता, म्हणून मी तो गाळला. विज्ञान प्रदर्शनासाठी मी थर्माकोलचा मेंदू केला, ऑक्सिजननं लोखंडाला जंग, म्हणजे गंज, चढतो, म्हणून त्यात खिळे टोचले, काही चकचकीत, काही गंजलेले. तालुक्यात पहिला नंबर आला. मग काय, शाळेत भाषण, हातपंपावर भाषण. माह्या दादाले भूत-बित काही लागलं नाई, त्याच्या डोक्यात जंग चढला, थो जंग चढलेला खिळा आहे, असं मी ज्याला त्याला सांगत सुटले. केवढा तोरा होता मला.

सगळ्यात लक्ष देऊन आई ऐकत होती. आमच्याकडे पावसाळ्याआधी कुऱ्हाड आणि विळे मोहाच्या बियांचं तेल माखून ठेवतात, जंग चढू नये म्हणून. आईनं तेच केलं. सकाळ-संध्याकाळ दादाच्या डोक्यावर तेल. गोळ्यांनी त्याचे हात थरथरायचे, लाळ गळायची, ते तिला बघवत नव्हतं. आणि जंगावर गोळी कोण देतं? पहिले आठ दिवस तो तरतरीत दिसला. मीही खूश. तेल बघत होते, गोळ्यांचं पाकीट बघितलं नाही.

ट्रकपासून त्याला ओढून घरी आणलं तेव्हा ते पाकीट मला डाळीच्या डब्यात सापडलं. मी आईवर तुटूनच पडले. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"तूच सांगतलं ना, जंग आहे म्हून," ती म्हणाली. "मले दुसरं काय समजते?"

अंगणात माणसं जमली होती. शेजारचे मुखरूकाका हसत म्हणाले, "काऊन गा लोकेश, जंग नाई उतरला का अजून?"

दोघं-तिघं हसले. मी काकांना असं काही बोलले की बाबांनी माझा दंड धरला. पण शब्द माझाच होता. मीच तो गावभर वाटला होता.

गावच्या आशा सेविका बायनाबाईंनी दवाखान्यात फोन लावला. आत्ता एक गोळी द्या आणि लगेच घेऊन या, असं सांगितलं गेलं. दादा भिंतीला पाठ लावून बसला, तोंड उघडेना. मी गोळी पुढे केली.

"हे जंग काढते?" त्यानं विचारलं.

हो म्हणणं सोपं होतं.

"नाई. जंगाचं मी माह्या मनानं जोडलं. गोळी सोडाची नाई असं मॅडमनं सांगतलं होतं, थे मी कोणालेच नाई सांगतलं. तुह्या डोक्यात काय होऊन राह्यलं, मले पुरं माहीत नाई. गोळीनं तुले झोप येत होती, आवाज कमी झाले होते, एवढं मी पाह्यलं."

दादानं माझ्याकडे तोंड वळवलं.

"मंग इतके दिवस मले खिळा काऊन म्हणत होती?"

मी गोळी तशीच पुढे धरली. त्यानं माझा हात बाजूला सारला. आईनं माझ्या हातातली गोळी घेतली, पाणी दिलं. तिच्याकडून त्यानं ती गिळली.

बाबांनी मोटारसायकल काढली. दादा मध्ये बसला. त्याला धरून बसायला मी मागे चढायला लागले.

"इले नोको," तो म्हणाला.

आई बसली, गाडी गेली. मुखरूकाका अजून अंगणातच होते. त्यांच्यावरही मला ओरडवेना.