उरलेला दोरा

“कोणासाठी हवंय, वहिनी?” गळ-दोऱ्यांच्या दुकानदारानं विचारलं.

“माझ्यासाठी,” ती म्हणाली. “अगदी पहिलटकराला लागतं तसं. बास मासा पकडायचाय.”

दुकानदारानं चष्मा कपाळावर चढवून तिच्याकडे नीट पाहिलं. हिचा नवरा, म्हणजे मास्तर, याच काउंटरवर कोपरं टेकून तासन्‌तास गप्पा मारायचे. तंत्रशाळेत पोरांना लेथ शिकवायचे आणि रविवारी त्याच पोरांना तलावावर नेऊन बास धरायला शिकवायचे. अख्ख्या वस्तीतली निम्मी पोरं त्यांच्या हाताखालून गेली होती. पण त्यांच्या बायकोनं या दुकानाची पायरी कधी चढली नव्हती. तिचं शिवणयंत्र भलं आणि ती भली.

मास्तर कसे आहेत, हे त्यानं विचारलं नाही. गावभर माहीत होतं. विसरायला लागले त्या पहिल्या वर्षातच मास्तरांनी दारावरून जाणाऱ्या कोणाकोणाला बोलावून एकेक रॉड देऊन टाकला होता. घेणाऱ्यांना वाटलं, मास्तरांनी छंद सोडला.

दुकानदारानं भिंतीवरचा एक रॉड काढून तिच्या हातात दिला. फार कडक नाही, फार लवचिक नाही, नवशिक्याला मधलाच बरा, असं म्हणाला. रीळ दिलं ते रॉडच्या पोटाखाली लटकणारं. त्याला वरून एक तारेची कमान होती. कमान उघडली की दोरा सुटतो, मिटली की गुंडाळतो, एवढंच लक्षात ठेवा म्हणाला. मग त्यानं तीन प्रकारचे दोरे समोर मांडले.

दोरा म्हटल्यावर ती जरा सैलावली. आयुष्य त्यातच गेलं होतं. पहिला विणलेला होता, केसासारखा बारीक. तिनं तो बोटावर ताणून पाहिला तर कातडीत रुतला. हा तुटत नाही, पण ताणलाही जात नाही, आणि रिळावर नुसता बांधला तर सगळाच्या सगळा गरागरा घसरतो, दुकानदारानं सांगितलं. दुसरा पाण्यात दिसत नाही म्हणे. तो तिनं टेबलावर सोडला, तर उसवलेल्या कॉलरच्या कडक अस्तरासारखा उसळून उभा राहिला. तिसरा साधा नायलॉनचा, तंगुसाचा. तो तिनं ओढला तेव्हा थोडा ताणला गेला आणि सोडल्यावर परत आला.

“हाच घ्या. हा चुका सांभाळून घेतो,” दुकानदार म्हणाला. “मास्तर सगळ्या पोरांना हाच द्यायचे.”

ते तिला माहीत होतं. या दोऱ्याची तिची जुनी ओळख होती. दर रविवारी मास्तर उरलेला दोरा खिशातून आणायचे आणि काही न बोलता शिवणयंत्रावर ठेवायचे. कोटांची बटणं ती त्यानंच लावायची. कापड विरेल, पण तिनं लावलेलं बटण निघायचं नाही, असा तिचा लौकिक होता. गिऱ्हाइकं विचारायची, कुठला दोरा वापरता? ती नुसती हसायची.

दोरा रिळावर भरून देतो, असं दुकानदार म्हणाला. तिनं नको म्हटलं. “जन्मभर बॉबिनच भरलंय, भाऊजी. एवढं येईल मला.”

तो काहीतरी सांगणार होता, पण तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं.

घरी परतताना रॉड अंगाला चिकटवून धरावा लागला. इतक्या लांब वस्तूची तिला सवय नव्हती. दारं, दिवे, माणसं, सगळ्यांना तो अडत होता. हसू येण्यासारखंच होतं ते, पण तिला आलं नाही. तिच्या उजव्या मनगटाला पट्टी होती. मागच्या आठवड्यात ती मास्तरांच्या अंगात स्वेटर घालायला गेली आणि ते घाबरले. कोणी परकी बाई आपले कपडे ओढतेय असं वाटून त्यांनी तिला ढकललं. ती यंत्राच्या कडेवर पडली. नंतर तिच्याच स्वयंपाकघरात येऊन त्यांनी तिला अदबीनं विचारलं, “तुम्ही कोणाकडे आलात?”

पट्टी पाहिल्यावर लेकीनं आईचं ऐकणं बंद केलं. त्यांना ठेवायला चांगली जागा आहे, डॉक्टर असतात, बाग आहे, असं तिनं पुन्हा पुन्हा सांगितलं. सोमवारी सकाळी ती गाडी घेऊन येणार होती. आईनं शेवटी मान डोलावली. तिची एकच मागणी होती, आणि ती लेकीकडे मागण्यासारखी नव्हती. जाण्याआधी त्यांनी एकदा ओळखावं. बाकी काही नको. ही माझी बायको, एवढं एकदा त्यांच्या डोळ्यांत दिसावं.

मास्तर खिडकीशी बसले होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही, रॉडकडे पाहिलं.

“कोणाचा?”

“माझा. शिकायचंय. शिकवाल का?”

मास्तर सरळ बसले. कितीतरी महिन्यांनी त्यांची पाठ अशी ताठ झाली. “रविवारी या. तलावावर,” ते म्हणाले. “पहाटे यायचं. उशीर केलात तर मी थांबणार नाही.”

त्या संध्याकाळी तिनं दोरा भरायला घेतला. दोऱ्याचं भेंडोळं पेन्सिलीवर ओवून खुर्चीच्या पायांमध्ये अडकवलं, यंत्रावर रीळ फिरावं तसं. डाव्या हाताच्या चिमटीत दोरा ताणून धरला आणि दुखऱ्या मनगटानं हळूहळू रिळाची मूठ फिरवली. थरावर थर बसत गेला. एक धागा इकडेतिकडे नाही. बॉबिन भरते तसं तिनं रीळ काठोकाठ भरलं. झाल्यावर त्यावरून अंगठा फिरवला. गुळगुळीत होतं. तिला आपल्या कामाचा अभिमान वाटला.

रविवारी पहिल्या बसनं दोघं तलावावर गेली. मास्तर तिच्या शेजारी न बसता पुढच्या बाकावर बसले, अनोळखी बाईशेजारी बसायचं नाही म्हणून. तलावाचं पाणी स्थिर होतं. काठाला गवत होतं आणि एक झाड पाण्यात आडवं पडलेलं होतं. मास्तर काठावरच्या बाकावर बसले आणि लगेच कुठेतरी हरवून गेले. रॉड, पाणी, बाई, कशाशीच त्यांचा संबंध उरला नाही. तिनं दोनदा हाक मारली. त्यांनी कोटाच्या लोंबत्या बटणाशी चाळा चालू ठेवला. ते बटण तिला कधीचं लावायचं होतं, पण कोटाला हात लावू देतील तर ना.

शेवटी तिनं स्वतःच कमान उघडली आणि पोरांना करताना लांबून पाहिलं होतं तसा रॉड मागून पुढे झटकला.

दोरा सुटला, तो सगळा एकदमच. वेटोळ्यांवर वेटोळी उसळून बाहेर आली आणि रॉडच्या पहिल्याच कडीपाशी त्यांचं भलंथोरलं घरटं झालं. दोऱ्याच्या टोकाला आमिष म्हणून बांधलेलं रबरी गांडूळ तिच्या पायाशीच पडलं. तिनं दोरा ओढला. गुंता आणखी घट्ट झाला.

“थांबा,” मागून आवाज आला. “ओढू नका. ओढलं की गाठ बसते.”

मास्तर उठून आले होते. त्यांनी रॉड तिच्या हातातून अलगद घेतला, गवतावर बसकण मारली आणि गुंता मांडीवर घेतला. चमच्यातलं सांडवणारी ती बोटं गुंत्यात शिरली आणि एकेक वेटोळं सैल करू लागली. घाई नाही, चिडचिड नाही. ती शेजारी बसली.

“कोणी भरलं हे?”

“मी.”

“काठोकाठ भरलंत,” मास्तर म्हणाले. त्यांचा सूर रागाचा नव्हता, वर्गात चुकलेल्या पोराला जवळ घेतानाचा होता. “आणि भेंडोळं दांडीवर फिरवलंत, हो ना? त्यानं पीळ पडतो. ते जमिनीवर आडवं ठेवायचं, दोरा आपला आपण वर येतो. आणि वरची कड थोडी मोकळी सोडायची. दोऱ्याला बाहेर पडायला जागा लागते.” मग ते स्वतःशीच हसले. “माझी बायको अशीच भरेल. शिवते ती.”

तिनं पाण्याकडे पाहत विचारलं, “त्यांना नाही आणलंत कधी इथे?”

मास्तरांचे हात थांबले. त्यांनी खरंच विचार केला.

“नाही. पोरांना घेऊन यायचो. तिला विचारायचं राहूनच गेलं. तिच्या पुढ्यात कायम कोणाचे तरी कपडे असायचे.”

“विचारलं असतंत तर आली असती.”

“तुम्हाला काय माहीत?”

त्यांनी अगदी सरळ विचारलं होतं. तिनं गवताची एक काडी खुडली. मग म्हणाली, “नाही माहीत. आपलं म्हटलं.”

गुंता सुटला. जास्तीचा दोरा मास्तरांनी उलगडून काढला, रिळाची कड मोकळी झाल्यावर खिशातल्या नेलकटरनं तोडला आणि चार बोटांवर आठच्या आकड्यासारखा गुंडाळला. काठावर टाकायचा नाही, पाखरांच्या पायात अडकतो, असं त्यांनी बजावलं.

“द्या, मी ठेवते,” तिनं हात पुढे केला.

मास्तरांनी मूठ मिटली. “हा नाही. हा बायकोसाठी.” आणि तो त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात ठेवला.

मग गळ बांधायचा धडा झाला. टोक गळाच्या नाकातून ओवायचं, स्वतःभोवती पाच-सहा वेढे घ्यायचे, पुन्हा फटीतून काढायचं. ओढण्याआधी गाठ ओली करा, ते म्हणणार तोच तिनं ती ओठांत धरून ओली केली होती. सुई ओवताना इतकी वर्षं तेच केलं होतं. मग सवयीनं उरलेलं टोक दातांत धरलं.

“दात नको,” मास्तर म्हणाले. “बायकोला सांगून सांगून थकलो. समोरच्या दाताला खाच पडलीय तिच्या.”

ती थांबली. तिचे ओठ उघडेच होते. मास्तर तिच्या तोंडाकडे पाहत राहिले. त्यांच्या कपाळावर एक आठी उमटली, शाळेत फळ्यावरचं अवघड गणित पाहताना पोराच्या कपाळावर उमटते तशी. तिनं हलायचंही टाळलं. वारा नव्हता. पाण्यातल्या झाडावरून एक पक्षी उडाला.

“तुमचाही दात तसाच आहे,” ते म्हणाले.

“हो,” ती म्हणाली. “शिवते मी.”

मास्तरांनी मान डोलावली. आठी हळूहळू विरली. “मासा सावलीत असतो, ती सरकेल आता,” ते पाण्याकडे वळून म्हणाले. “टाका. त्या झाडाच्या अलीकडे.”

तिनं टाकला. या वेळी दोरा सुरेख गेला. थोड्या वेळानं तो थरथरला आणि ताणला गेला. मास्तर तिच्या कानाशी बोलत राहिले. ओढू नका, जाऊ द्या त्याला, दोरा देतोय ना साथ, थकला की येईल आपणहून. बास लहानच होता, हिरवट, अंगापेक्षा तोंडच मोठं. मास्तरांनी त्याला खालच्या ओठाला अंगठा लावून उचललं, गळ सोडवला आणि पाण्यात सोडून दिलं. “जा. घरी वाट बघत असतील,” ते म्हणाले. पोरांच्या पहिल्या माशाला ते हेच म्हणायचे. पोरं घरी येऊन सांगायची, म्हणून तिला माहीत होतं.

“हात चांगला आहे तुमचा,” ते तिला म्हणाले. संसारात असं कधी म्हणाल्याचं तिला आठवत नव्हतं.

बसमध्ये ते छातीवर हात ठेवून बसले होते, खिशातलं सांडू नये म्हणून. घरी आल्यावर ते खोल्याखोल्यांतून हिंडले. स्वयंपाकघरात डोकावले, मागचं दार उघडून पाहिलं. तिनं रॉड कोपऱ्यात उभा केला. मी आहे ना, असं आधी पुष्कळदा म्हणून झालं होतं, आणि प्रत्येक वेळी त्यांची भीती वाढली होती. शेवटी ते शिवणयंत्रापाशी आले. आतल्या खिशातून दोऱ्याची ती लडी काढली आणि यंत्रावर, नेहमीच्या जागी, ठेवली.

“आली की सांगा तिला,” ते म्हणाले.

“सांगते.”

त्या दिवशी ते तिच्या हातून जेवले.

सोमवारी लेक आली. पिशवी भरलेलीच होती. मास्तर कोट घालून दाराशी उभे राहिले आणि लोंबतं बटण शेवटी गळून जमिनीवर पडलं. तिनं ते उचललं. “लावून देऊ का?” तिनं विचारलं. मास्तरांनी जरा विचार केला आणि हनुवटी वर करून उभे राहिले.

तिनं यंत्रावरचा दोरा घेतला. टोक ओठांत ओलं केलं, सुईत ओवलं. मनगट दुखत होतं. तिचं डोकं त्यांच्या छातीपाशी होतं आणि त्यांचा श्वास तिच्या केसांवर येत होता. टाके झाल्यावर तिनं दोऱ्याचे वेढे घेतले, गाठ मारली, ओली केली, मग ओढली. टोक कात्रीनं कापलं. लेक दाराबाहेर तोंड करून उभी होती.

मास्तरांनी बटण ओढून पाहिलं, गळाची गाठ पारखावी तसं. आणखी एकदा ओढलं. त्यांचा चेहरा उजळला. ते लेकीकडे वळले आणि तिला बटण दाखवत म्हणाले, “हे निघायचं नाही. माझ्या बायकोनं लावलंय.”

मग त्यांनी खोलीभर नजर फिरवली. यंत्र, खुर्ची, कोपऱ्यातला रॉड, सुई हातात धरून उभी असलेली बाई.

“येऊन गेली का ती?”

लेकीनं त्यांचा हात धरला आणि पायऱ्या उतरायला मदत केली. गाडीचं दार लागलं.

यंत्रावर थोडा दोरा उरला होता. तिनं तो चार बोटांवर, आठच्या आकड्यासारखा, सावकाश गुंडाळायला सुरुवात केली.